खुर्ची कशी मांडावी

व्हर्ना झ्विकर म्हणते, सपाट टेबल म्हणजे गोठलेलं तळं,
नजर या काठावरून सुटते ती थेट त्या काठाला.
तिला मधे ठेच लागली पाहिजे.
म्हणून आधी लॉब्स्टरची लाकडी खोकी, पालथी,
त्यांच्यावर चादर, आणि चादरीला अशा चुण्या
की खाली मासळीचा वास दडलाय
हे कुणाच्या ध्यानीमनी येऊ नये.
मी टाचण्यांचा डबा घेऊन तिच्या मागे मागे.

मार्चच्या बर्फानं स्केटिंगच्या रिंकचं छप्पर बसलं,
त्यासाठी हा मूक लिलाव.
अग्निशमन दलाचा बंब बाहेर थंडीत उभा,
आत आमची अकरा टेबलं.
तेलाचे डाग काही जागचे हलले नाहीत,
तर त्यांच्यावर टेबल सहा.

उंच वस्तू मागे, बुटक्या पुढे, शाळेच्या फोटोसारख्या.
गोधडीचा एक कोपरा कडेवरून सांडू द्यायचा,
जाता जाता बोटं लागली की अर्धा सौदा झाला.
जॅमच्या बरण्यांमागे दिवा, रूबार्ब पेटून उठतो.
केकशेजारी साबण नको.
प्रत्येक कागदाशी पेन, पेनाला दोरी,
कारण गेल्या वर्षी एकोणीस पेनं घरोघर गेली,
"आणि सगळी चर्चला जाणारी माणसं!"

जे हातात धरता येत नाही ते मांडणं कठीण.
कॉर्कम बंधूंचं दोन खेपा सरपण:
एकच ओंडका, लाल फीत बांधून.
डेल्फीनचे पियानोचे धडे: एक मेट्रोनोम, पण बंद,
चालू ठेवला तर लोक त्या तालात पुढे सरकतात.

साडेचारला हायरम नॉस आला, रिकाम्या हातांनी.
बत्तीस वर्षं मासळीच्या कारखान्यावर रात्रीचा पहारा.
म्हणाला, माझ्याकडे द्यायला काही नाही,
रात्री झोप येत नाही, तेवढंच आहे.
कुणाच्या घरी आजारी माणूस असेल
तर एक रात्र मी बसेन उशाशी.
घरच्यांनी झोपावं.

व्हर्नानं पेन्सिल कानामागे खोचली,
काढली,
परत खोचली.

मग एक खुर्ची आणली. टेबलावर नाही, खाली, जमिनीवर.
पाठीवर घोंगडी, पायाशी थर्मास.
भिंतीकडे तोंड केलं, तर शिक्षा दिल्यासारखी.
दाराकडे, तर कुणाची वाट बघणारी.
शेवटी किंचित तिरकी, शेजारी पलंग असावा तशी,
आणि मला तो पलंग दिसायलाच लागला.

सातला दार उघडलं.
गोधडीवरून दोन जावा कागदावर भांडल्या, तोंडातून चकार शब्द नाही.
सरपण चढत गेलं.
खुर्चीपाशी मात्र सगळ्यांची पावलं हळू व्हायची,
लोक वाचायचे, आणि जॅमकडे वळायचे.
तिथे नाव लिहायचं म्हणजे
घरातलं कुणी चाललंय हे गावाला सांगायचं.
हायरम कॉफीपाशी,
तिकडे न बघण्याची शिकस्त करत.

नऊला घंटा. मी कागद गोळा करत गेले.
खुर्चीच्या कागदावर एकच ओळ.
नावाची जागा कोरी,
रक्कम एकशे सत्तर डॉलर,
गोधडीसुद्धा एवढ्याला गेली नव्हती.
आणि सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ.

तसे सात मी दुपारभर पाहिले होते:
टेबल सात, वस्तू सतरा, वस्तू सत्तावीस.

कार्ल झ्विकर नाताळपासून गावात दिसला नाही.
पाठ धरलीय, ती सांगायची,
आणि आम्ही ते तसंच ठेवून घ्यायचो.

आता ती चादरी ओढून काढत होती,
खोकी उघडी पडली, हॉलभर मासळीचा वास.
"टाचण्या मोजून घे," माझ्याकडे न बघता म्हणाली,
"आणि ती खुर्ची माझ्या गाडीत टाक. माझीच आहे."

थर्मास हायरमनं आधीच काखोटीला मारला होता.